दिवस खुडून घ्यावा

फेब्रुवारीच्या अखेरीस चंदीगडला जाण्याचा योग आला, तर तेथील सोळाव्या सेक्टरमधील गुलाबबाग पाहिल्यावाचून कोणी परतू नये. ही बाग १९६७ साली उभी राहिली आणि त्याच वर्षी राष्ट्रपती झालेल्या डॉ. झाकिर हुसेन ह्यांचे नाव तिला मिळाले. चंदीगडचे पहिले मुख्य आयुक्त डॉ. महिंदरसिंग रंधावा हे वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि चित्रकलेचे मर्मज्ञ. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे तीस एकर जमिनीवर हे वाफे आखले गेले. वसंताच्या तोंडावर येथे दरवर्षी गुलाबांचा उत्सव भरतो. आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत अवघी कुटुंबे हिंडत असतात, जोडपी एकमेकांची छायाचित्रे घेत असतात, आणि ह्या गर्दीत कोणाचेही लक्ष नसलेला एखादा माळी कात्री घेऊन आपले काम करीत असतो. त्या माळ्याकडे आपण शेवटी वळणार आहोत.

कॉलेजात इंग्रजी कविता शिकलेल्या माणसाला अशा बागेत एक जुना उपदेश हटकून आठवतो. सतराव्या शतकातील रॉबर्ट हेरिक ह्या कवीने तरुण मुलींना बजावले आहे की, गुलाबाच्या कळ्या वेचण्यात दिरंगाई करू नका. इंग्रजी काव्यातील ह्या विचाराला समीक्षक 'कार्पे दिएम' ह्या लॅटिन नावाने ओळखतात. आज हे दोन शब्द चहाच्या पेल्यांवर आणि सदऱ्यांवर छापलेले दिसतात आणि त्यांचा अर्थ सर्रास 'खा, प्या, मजा करा' असा घेतला जातो. आपल्याकडे चार्वाकाला जसे ऋण काढून तूप पिणाऱ्याच्या पंक्तीला बसविले गेले, तसेच काहीसे ह्या कवींचेही झाले आहे. ह्या कवितांत खरोखर काय आहे, हे आज थोडे निरखून पाहावे असा माझा विचार आहे.

प्रथम तो शब्दच पाहू. रोमन कवी होरेस ह्याने इसवीसनापूर्वी २३ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या काव्यसंग्रहात ल्यूकोनोई नावाच्या एका स्त्रीला उद्देशून आठ ओळींची कविता आहे. ही बाई आपले आयुष्य किती उरले आहे, हे बाबिलोनी ज्योतिषांच्या गणितांवरून जाणू पाहते आहे. कवी तिला सांगतो की, तो नाद सोड. देवांनी जे झाकून ठेवले ते उकलण्याच्या खटाटोपात तुझा हाती असलेला दिवस निसटतो आहे. पत्रिका मांडून बसणारी ही रोमन बाई आपल्याला मुळीच परकी वाटू नये! ह्या ठिकाणी होरेसने वापरलेले क्रियापद बागेतले आहे. पिकलेले फळ किंवा उमललेले फूल देठापासून तोडून घेणे हा त्याचा मूळ अर्थ. इंग्रजीत पुढे त्याचे भाषांतर 'झडप घालून पकडणे' अशा अर्थाच्या शब्दाने होऊ लागले आणि अर्थाला एक आक्रमक वळण लागले. मराठीचे भाग्य असे की, तिच्यापाशी नेमका शब्द आहे. तो म्हणजे 'खुडणे'. खुडणाऱ्याला फळ पिकले की नाही हे पाहावे लागते. काल ते कच्चे होते आणि उद्या ते गळून पडेल ह्याचे भान ठेवावे लागते. आणि फांदीला धक्का लागणार नाही इतका हात हलका असावा लागतो. खुडणे आणि ओरबाडणे ह्यांत जे अंतर आहे, तेच ह्या कवितांतील चांगल्या आणि सामान्य कवितांत आहे.

हा रोमन विचार इंग्रजी काव्यात उशिरा शिरला. त्यापूर्वी इंग्रजांना आयुष्याच्या अल्पपणाचे भान नव्हते असे मात्र नाही. बीड नावाच्या विद्वान संन्याशाने ७३१ साली पुऱ्या केलेल्या इतिहासात एक अविस्मरणीय दृष्टान्त आहे. राजा एडविनच्या दरबारात नव्या धर्माचा स्वीकार करावा की नाही ह्याची चर्चा चालली असता एक सरदार म्हणतो: हिवाळ्याच्या रात्री दिवाणखान्यात आगटी पेटलेली आहे, बाहेर वादळ घोंघावते आहे, अशा वेळी एक चिमणी एका दारातून आत येते आणि दुसऱ्या दारातून निघून जाते, क्षणभर ऊब आणि मग पुन्हा अंधार, माणसाचे आयुष्य असेच आहे. ह्यावरून त्या सरदाराने काय निष्कर्ष काढला? ऊब आहे तोवर शेकून घ्या, असे तो म्हणत नाही. बाहेरच्या अंधाराविषयी नवा धर्म काही सांगत असेल तर तो ऐकावा, असे तो म्हणतो. आयुष्य क्षणभंगुर आहे हे एकच विधान माणसाला भोगाकडे नेऊ शकते आणि भक्तीकडेही. एक वाट दाखविणारे विधान दोन वाटांच्या तिठ्यावर उभे आहे, ही गोष्ट मनाशी धरून पुढे जाऊ.

सोळाव्या शतकात लॅटिन काव्याचा अभ्यास इंग्लंडात जोराने सुरू झाला आणि इटालीचे व फ्रान्सचे नवे काव्यही तेथे पोचले. त्याच काळात प्लेग वरचेवर येत होता. १५९३ आणि १६०३ ह्या सालांत त्याच्यामुळे लंडनची नाटकघरे बंद ठेवावी लागली. पुण्यातील १८९७ च्या प्लेगच्या आठवणी ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या, त्यांना 'उद्याचा भरवसा नाही' हे वाक्य अलंकारिक वाटणार नाही. तसेच त्या कवींनाही ते वाटत नव्हते.

तरीही ह्या विचाराबद्दल त्यांच्या मनात संशय होता. एडमंड स्पेन्सर ह्याच्या 'फेअरी क्वीन' ह्या महाकाव्याचे पहिले तीन खंड १५९० साली निघाले. दुसऱ्या खंडाच्या शेवटी एका मायावी विलासवनात गुलाबाचे एक अतिशय गोड गीत ऐकू येते. स्पेन्सरने ते इटालियन कवी तासो ह्याच्या १५८१ मधील काव्यावरून घेतले. कळी उमलते, फुलते, कोमेजते. म्हणून वेळ आहे तोवर ती तोडावी, असा त्याचा आशय. पण संयमाचे प्रतीक असलेला कथानायक ते गीत ऐकूनही थांबत नाही आणि अखेरीस ते वन उद्ध्वस्त करून टाकतो. आपले एक मधुर गाणे कवीने मोहिनी घालणाऱ्यांच्या तोंडी घालावे, ह्यात त्याच्या मनातील द्वंद्व उघड होते. बेन जॉन्सनने तर ह्याहून तिखट गंमत केली. १६०६ च्या सुमारास रंगभूमीवर आलेल्या त्याच्या 'व्होल्पोनी' नाटकातील नायक हा मरणासन्न असल्याचे सोंग करून लोकांना लुबाडणारा लबाड श्रीमंत आहे. एक विवाहित साध्वी त्याच्या तावडीत सापडताच तो बिछान्यातून टुणकन उठतो आणि आयुष्य किती थोडे आहे, प्रेमाला उशीर करू नये, असे गाणे तिला ऐकवू लागतो. मरणाचे सोंग घेतलेल्याने मरणाचीच भीती घालावी! ती स्त्री अर्थातच त्याला धुडकावून लावते.

काही वर्षांपूर्वी ह्या कविता वर्गात शिकवीत असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, ह्यांत त्या मुलीला काय वाटते, हे कोणीच का विचारत नाही?" मी क्षणभर निरुत्तर झालो. प्रश्न मर्मावर होता. ह्या कवितांत बोलणारा बहुधा पुरुष असतो, ऐकणारी स्त्री असते. काळाचा धाक तो घालतो आणि फळ मात्र त्याला हवे असते. फूल कोमेजले तर नुकसान फुलाचे. पण ते खुडले तरी नुकसान फुलाचेच, हे त्याच्या युक्तिवादात कोठे येत नाही. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले ते असे की, इंग्रजी कवींनी हा प्रश्न स्वतःच विचारलेला आहे. ख्रिस्तोफर मार्लो ह्याने एका मेंढपाळाच्या तोंडून प्रेयसीला बोलावणारे एक गीत लिहिले होते. १६०० साली निघालेल्या एका काव्यसंग्रहात त्या गीताशेजारीच त्या प्रेयसीचे उत्तर छापले गेले. ते सर वॉल्टर रॅली ह्याचे मानले जाते. ती म्हणते त्याचा भावार्थ असा: काळ सदा तरुण राहिला असता आणि प्रत्येक मेंढपाळ खरे बोलत असता, तर मी आले असते, पण तू देऊ केलेली फुलांची वस्त्रेही उद्या सुकणारच आहेत. म्हणजे काळाचा जो धाक मेंढपाळांच्या भात्यातला हुकमी बाण, तोच तिने उलटा फिरविला. काळ सर्व काही नेणार असेल तर तुझी वचनेही नेईल! पुढे १६३४ साली मिल्टनच्या 'कोमस' ह्या संगीतिकेत मायावी कोमस हा न खुडलेल्या गुलाबाचाच दाखला देतो, आणि तेथील तरुणी त्याला तोडीस तोड उत्तर देऊन त्याचा युक्तिवाद खोडून काढते. त्या विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान दिसले, ते मी विसरलो नाही.

आता हेरिककडे येऊ. हा कवी म्हणजे कोणी छंदीफंदी दरबारी पुरुष असेल असे त्याच्या कवितेवरून वाटते. वस्तुतः तो डेव्हन परगण्यातील एका खेडेगावचा धर्मोपदेशक होता आणि जन्मभर अविवाहित राहिला. मुलींना कळ्या वेचायला सांगणाऱ्या त्याच्या कवितेचा शेवट लग्न करण्याच्या उपदेशाने होतो, हे पुष्कळांच्या ध्यानातच नसते. ती कविता एका गावगुरूने दिलेला वडीलधारा सल्ला आहे. तिच्या मागे त्या काळाचे राजकारणही आहे. १६४४ साली प्यूरिटन पक्षाच्या पार्लमेंटने मे महिन्यातील उत्सवखांबांवर बंदी घातली; १६४७ मध्ये राजनिष्ठ हेरिकची जागा काढून घेण्यात आली; आणि १६४८ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, त्याचा काव्यसंग्रह निघाला. फुले, जत्रा, सकाळचे ऊन आणि गावचे सण ह्यांचा जो आनंद त्याने गायिला, त्यावर त्याच्या डोळ्यांदेखत नांगर फिरत होता. अशा माणसाने 'आजच' म्हणावे ह्यात नवल ते काय?

ह्या परंपरेतील सर्वांत बुद्धिमान कविता अँड्र्यू मार्व्हेलची. ती त्याच्या मृत्यूनंतर, १६८१ साली प्रसिद्ध झाली. तिची रचना तर्कशास्त्रातील अनुमानासारखी आहे: वेळ अनंत असता तर, पण तसा तो नाही, म्हणून. आपल्याकडील वाचकाला गंमत वाटावी ती अशी की, अमर्याद वेळ असता तर प्रेयसी गंगेच्या काठी माणके वेचीत बसली असती आणि कवी आपल्या हंबर नदीच्या काठी विरहाची गाणी गात राहिला असता, अशी कल्पना त्याने केली आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असलेले अंतर दाखविण्यासाठी त्याला आपली गंगा आठवली! विनोदाने सुरू झालेली ही कविता मध्यावर थडग्याच्या अंधारात उतरते आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. प्रेमयाचना हे तिचे निमित्त. मरणाकडे सरळ पाहण्याचे धैर्य हा तिचा विषय.

त्याच पिढीतील जॉर्ज हर्बर्ट हा धर्मोपदेशक कवी मात्र तिठ्यावरून दुसऱ्या वाटेने गेला. १६३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संग्रहात एक छोटी कविता आहे. सुंदर दिवस, सुंदर गुलाब, सुंदर वसंत, सगळे मरणाधीन. उरतो तो केवळ सद्‌गुणी आत्मा, असे ती सांगते. हर्बर्टचा गुलाब हेरिकच्या गुलाबाइतकाच टवटवीत आहे. दोघांनी पाहिलेले फूल एक, दोघांचे निष्कर्ष मात्र निराळे.

ह्या दोन्ही वाटा आपल्याकडेही, आणि नेमक्या त्याच काळात, चालू होत्या. चंदीगडच्या गुलाबबागेपासून जवळच, दहाव्या सेक्टरमध्ये, १९६८ साली सुरू झालेले शासकीय संग्रहालय आहे. तेथे पहाडी चित्रशैलीचा मोलाचा संग्रह आहे, आणि ज्या रंधाव्यांनी गुलाबबाग वसविली त्यांनीच ह्या पहाडी चित्रांवर ग्रंथ लिहिले. पहाडी चित्रकारांचा एक लाडका विषय म्हणजे बारमासा. केशवदासाच्या १६०१ मधील 'कविप्रिया' ह्या ग्रंथात तो आहे. प्रत्येक महिना आपली शोभा घेऊन येतो आणि नायिका नायकाला म्हणते, ह्या महिन्यात तरी मला सोडून जाऊ नकोस. इंग्लंडात 'आजच' असे पुरुष म्हणत होता. येथे ते स्त्री म्हणते, आणि ती मागते ते सहवासाचे पूर्ण वर्ष. ह्याच बारमासाच्या घाटाला गुरू नानकांनी आणि गुरू अर्जनदेवांनी परमेश्वराच्या विरहाचे रूप दिले. १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात त्या रचना आहेत. तारुण्य ओसरल्याची खंत करणारे शेख फरीदांचे श्लोक आहेत. आणि पंढरपूरचे आपले नामदेवही आहेत, त्यांची एकसष्ट पदे त्यात समाविष्ट आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव नामदेवांच्या वास्तव्याने पावन झाले, आणि २०१५ साली तेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, हे श्रोत्यांना आठवत असेलच. मार्लोचे गीत व त्याचे उत्तर शेजारी छापले गेले १६०० साली, 'कविप्रिया' आली १६०१ साली, आदिग्रंथ सिद्ध झाला १६०४ साली. एकमेकांचे नावही न ऐकलेली ही माणसे एकाच प्रश्नाशी झुंजत होती.

आणि देहूचे तुकोबा तर हेरिकचे समकालीनच. नरदेह पुन्हा मिळणे कठीण, म्हणून नामस्मरण आजच करावे, उद्यावर टाकू नये, हा संतांचा धोशा म्हणजे दिवस खुडण्याचाच उपदेश नव्हे काय? समर्थांनी 'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकात मृत्यूवर स्वतंत्र समास लिहिला. मृत्यू कोणाचीही भीड धरीत नाही हे त्यांनी तेथे मनावर बिंबविले, ते श्रोत्याने कामाला लागावे म्हणून. पेशवाईच्या उत्तरकाळातील सोलापूरचा शाहीर राम जोशी ह्याने तर दोन्ही वाटा एकाच आयुष्यात चालून दाखविल्या: शृंगाराच्या लावण्या त्याच्याच आणि वैराग्याच्या उपदेशपर रचनाही त्याच्याच. पुढे माधव जूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, तेव्हा आपल्या वाचकाला त्या परक्या वाटल्या नाहीत, ह्याचे कारण ही जमीन आधीच नांगरलेली होती.

आता त्या गुलाबाविषयी वनस्पतिशास्त्राने सांगितलेली एक गोष्ट. हेरिकच्या इंग्लंडातील गुलाब, एखाददुसरी जात सोडली तर, वर्षातून एकदाच, जूनच्या आसपास काही आठवडे फुलत. त्यामुळे त्याची घाई ही केवळ कविकल्पना नव्हती. ती कळी चुकली तर पुढील कळीसाठी वर्षभर थांबावे लागे, आणि वर्षभराची खात्री कोणाला होती? पुन्हापुन्हा बहरणारे चिनी गुलाब युरोपात पोचले अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यांच्या संकरातून आजच्या बागेतील जाती निर्माण झाल्या. 'ला फ्रान्स' हा आधुनिक संकरित गुलाबांचा आद्य प्रतिनिधी मानला जातो, तो १८६७ चा, म्हणजे चंदीगडच्या बागेच्या बरोबर शंभर वर्षे आधीचा. ह्या गुलाबांची उत्तर हिंदुस्थानात ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी करतात. दीड महिन्यात फुले येऊ लागतात, आणि उन्हाळा कडक होईपर्यंत बहरामागून बहर येत राहतो.

ह्या पुन्हा येणाऱ्या बहरामागे त्या माळ्याची कात्री आहे. गुलाबाचे फूल झाडावरच सुकू दिले तर झाडाची शक्ती फळ आणि बी धरण्यात जाते, आणि नवी कळी येण्यास विलंब लागतो. योग्य वेळी, योग्य डोळ्याच्या वर कात्री चालविली की तेथून नवा फुटवा निघतो. वेळ चुकवून, वाटेल तेथे ओरबाडले तर मात्र फांदीच दुखावते. हेरिकच्या गुलाबाला हे भाग्य नव्हते. आपल्या गुलाबाला आहे, पण झाडाची काळजी घेणाऱ्याच्याच हातून.

त्या विद्यार्थिनीच्या वयाच्या श्रोत्यांना मला सांगायचे आहे ते एवढेच. कोणी 'आयुष्य थोडे आहे, आजच' असे म्हणू लागला, तर ते खरे आहे हे मान्य करावे; आणि मग विचारावे की, हे म्हणणारा कोण, कोणाला म्हणतो आहे, आणि खुडल्यानंतर झाडाचे काय होणार? हेरिकने हे विचारले, म्हणून त्याची कविता लग्नापाशी थांबते. नामदेवांनी ते विचारले, म्हणून ते पंढरी सोडून पंजाबपर्यंत चालत गेले. व्होल्पोनीने ते विचारले नाही.

संध्याकाळी बागेतील गर्दी ओसरते. माळ्याने दिवसभरात कापलेली फुले पोत्यात भरलेली असतात, आणि ज्या फांद्यांवर दुपारी लोक छायाचित्रे घेत होते, त्या आता रिकाम्या दिसतात. जवळ जाऊन पाहिले तर कात्रीच्या खुणेखाली तांबूस डोळा फुगू लागलेला असतो.